पिकअप बोलू लागते तेव्हा

मडके विकत घेताना आजी ते बोटाने वाजवून पाहते. ‘टण्ण’ वाजले तर घेते, ‘बद्’ वाजले तर परत ठेवते. तडा डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळतो. तडा गेलेल्या मडक्याची भिंत एकसंध थरथरत नाही. तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि कंपनांची ऊर्जा तेथेच जिरते. म्हणून नाद टिकत नाही. व्यवहारात आपण माणसालाही ‘वाजवून घेतो’, तो शब्दप्रयोग येथूनच आलेला असावा.

याच युक्तीने रेल्वेचे कर्मचारी हातोडीने डब्यांची चाके ठोकून पाहत. व्हिएन्नाचा वैद्य औएनब्रुगर याने १७६१ साली रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवीत आणि पिंप किती भरले आहे हे ते ठोकून पाहत, असे सांगतात. आज आपण या विद्येचा उपयोग वाशीम जिल्ह्यातल्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या एका रोग्यावर करणार आहोत. तो रोगी म्हणजे पिकअप. आणि तीही साधी नव्हे, मागे काहीतरी ओढणारी.

मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा किंवा खुद्द वाशीम, कोणत्याही बाजार समितीच्या दारात उभे राहा. सोयाबीन आणि तुरीची पोती भरलेल्या पिकअप ओळीने लागलेल्या दिसतील. ट्रॉली ओढण्याचे मुख्य काम आपल्याकडे ट्रॅक्टरच करतो. पण स्लॅब टाकायचे मिक्सर यंत्र दुसऱ्या गावी न्यायचे असो, दोन चाकांवरचा जनरेटर हलवायचा असो की बंद पडलेल्या गाडीला ‘टोचन’ लावायचे असो, पिकअपच्या मागे हूक असला की तिला हे काम सांगितले जातेच. आणि मग काही महिन्यांनी चालक मिस्त्रीकडे येऊन म्हणतो, “भाऊ, गाडी काहीतरी बोलून राह्यली.”

ती काय बोलते, हे कसे ओळखायचे?

ओझे कुठे जाते?

आधी हे पाहू की, मागे ट्रॉली जोडली म्हणजे गाडीवर नेमके काय गुदरते. पोत्यांसह पिकअपचे वजन २५०० किलोग्रॅम आणि भरलेल्या ट्रॉलीचे १००० किलोग्रॅम समजू. सपाट डांबरी रस्त्यावर चाके गडगडत नेण्यासाठी वजनाच्या सुमारे दीड टक्का इतके बल लागते. एकट्या पिकअपला ते साधारण ३७० न्यूटन पडेल. आता ट्रॉली जोडून वीस मीटरला एक मीटर असा चढ चढू. गडगडण्याचा विरोध ५१५ न्यूटन, आणि चढाविरुद्ध ओढण्यासाठी ३५०० × ९.८ ÷ २०, म्हणजे १७१५ न्यूटन. बेरीज झाली २२३० न्यूटन. वजन वाढले दीडपटीहूनही कमी, पण गाडीच्या दात्यांवर आणि सांध्यांवर येणारा जोर झाला सहापट! रिकाम्या गाडीत गप्प असणारा भाग चढावर बोलू लागतो, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट हुकाची. ट्रॉलीचा दांडा हुकावर थोडा खाली दाबतो. हा दाब १०० किलोग्रॅम आहे आणि हूक मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे असे धरा. पुढच्या व मागच्या आसांतले अंतर ३ मीटर. तरफेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. गणित करून पाहा: मागच्या आसावर १०० नव्हे, १४० किलोग्रॅम वाढतात, आणि पुढच्या आसावरचे ४० किलोग्रॅम कमी होतात. गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि शेपूट खाली बसते. मागचे पाटे दबतात. मधल्या प्रॉपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. या कोनाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

तिसरी गोष्ट धक्क्याची. हुकाच्या खिळीत सेंटिमीटरभर ढिलाई असली की ब्रेक लावताना ट्रॉली मागून येऊन आदळते आणि निघताना मागे ओढली जाऊन आदळते. दोहोंच्या वेगांत सेकंदाला फक्त १० सेंटिमीटरचा फरक असला आणि तो एक शतांश सेकंदात मिटला, तर बल होते १००० × ०.१ ÷ ०.०१ = १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन वजनाइतके. हा हातोडा दिवसातून शेकडो वेळा बसतो. तारेचा तुकडा वारंवार वाकवला की जसा तुटतो, तसाच थकवा हुकाच्या बोल्टांना आणि वेल्डिंगलाही येतो. ‘टण् टण्’ हा आवाज अनेक चालक अंगवळणी पाडून घेतात. माझ्या मते गाडीच्या सर्व आवाजांत हाच सर्वांत स्वस्तात बरा होणारा आणि दुर्लक्ष केल्यास सर्वांत महागात जाणारा आहे. घाटात सुटलेल्या ट्रॉलीला चालक नसतो.

कान का फसतो?

तुम्ही म्हणाल, आवाज कोठून येतो ते ऐकून समजत नाही का? बाहेर मोकळ्यावर समजते. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. केबिनमध्ये मात्र ही सोय राहत नाही. मागच्या आसाची कंपने चासीच्या पोलादातून सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने पुढे येतात, केबिनचा पत्रा, दार, सीटखालचे फळकूट यांना थरथरवतात, आणि आवाज चारी बाजूंनी एकदम येतो. शिवाय खर्जातल्या आवाजाची तरंगलांबी मीटर-दीड मीटर असते. डोक्याएवढ्या लहान अडथळ्याची तिला पर्वा नसते, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळजवळ सारखाच ऐकू येतो. म्हणून चालक शपथेवर सांगतो की आवाज पुढून येतो, आणि दोष निघतो मागे.

यासाठी मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राच्या कवचाला लावतो आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो. पोलादातला आवाज पोलादातून हवेत शिरताना त्याचा फारच थोडा अंश पलीकडे जातो, दहा हजारातला एक भागसुद्धा नाही. बाकीचा परत फिरतो. स्क्रू ड्रायव्हर ही हवा मधून काढून टाकतो. पोलादातून थेट हाडात. लायनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. नाते जवळचेच आहे. मात्र हा प्रयोग गाडी जागच्या जागी उभी असताना, चाकांना दगड लावून, आणि पंख्यापासून व पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवूनच करायचा. चालत्या गाडीखाली डोकावणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हे.

पण स्क्रू ड्रायव्हर उभ्या गाडीतच चालतो. धावत्या गाडीतले आवाज कसे पकडणार? तेथे कानापेक्षा गणित उपयोगी पडते.

मोजा, म्हणजे सापडेल

मागच्या चाकावर खडूने एक खूण करा आणि ती पुन्हा जमिनीला लागेपर्यंत गाडी ढकला. पिकअपचे चाक एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर पुढे जाते. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. भागाकार करा: चाकाच्या सेकंदाला २.६ फेऱ्या, म्हणजे दहा सेकंदांत २६. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर दहा सेकंदांत बरोबर २६ वेळा ‘टक्’ होईल. वेग निम्मा केला तर १३ वेळा.

प्रॉपेलर शाफ्ट चाकापेक्षा जोरात फिरतो. मागच्या आसाच्या मध्ये जो फुगीर गोळा दिसतो त्याला मिस्त्री ‘हाउसिंग’ म्हणतात. त्यात शाफ्टच्या टोकाचे लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राउनला फिरवते. पिनियनला १० दाते व क्राउनला ४१ दाते असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे ४.१ फेरे होतात. ताशी २० किलोमीटरला ते सेकंदाला दहाच्या वर जातात; इतके टोले मोजता येत नाहीत. तेव्हा माणसाच्या चालीने गाडी चालवायची. ताशी ५ किलोमीटरला शाफ्ट सेकंदाला अडीच-पावणेतीन फेरे घेतो आणि चाक दीड सेकंदात एक. आता कोणता टोला कोणाचा, हे घड्याळ सांगेल. काढणीनंतरच्या दिवसांत शेतातून आलेल्या गाडीच्या शाफ्टला काड किंवा दोरी गुंडाळली जाऊन ‘फट् फट्’ असा आवाज येतो, आणि चालक उगाच घाबरतो. त्याचे निदान या मोजणीने चुटकीसरशी होते.

टोले सेकंदाला वीसच्या आसपास गेले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत; त्यांचा एक सूर होतो. दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या या संख्येला कंप्रता किंवा वारंवारता म्हणतात. ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ५.१७ फेरे घेते. क्राउनचे ४१ दाते एकेक करून पिनियनला भिडतात, म्हणजे सेकंदाला २१२ वेळा दाताला दात लागतो. हार्मोनियमवर हा सूर साधारण काळी चारच्या जवळ येतो.

आता गंमत पाहा. वेग ४० वरून ५० केला तर कंप्रता सव्वापट होते. सव्वापट कंप्रता म्हणजे षड्जावरून शुद्ध गंधार! वेग ६० केला तर दीडपट, म्हणजे पंचम. आणि ८० केला तर दुप्पट, वरचा षड्ज. चाकाशी बांधलेला कोणताही सूर ४०, ५०, ६०, ८० या वेगांना सा, ग, प, सा असाच चढला पाहिजे. जो आवाज असा चढत नाही, एकाच सुरात राहून फक्त लहानमोठा होतो, किंवा विशिष्ट वेगालाच येतो आणि पुढे नाहीसा होतो, तो दात्यांचा नव्हे. तो एखाद्या पत्र्याचा, सायलेन्सरच्या पट्टीचा किंवा सैल नंबरप्लेटचा असण्याचा संभव अधिक. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसेच पत्र्याच्या नैसर्गिक कंप्रतेशी इंजिनाची कंप्रता जुळली की तो थरथरतो. याला अनुनाद म्हणतात. हाताने दाबून धरला की गप्प बसतो, हीच त्याची परीक्षा.

इंजिनाचा सूरही वेगाबरोबर सा-ग-प चढतोच, जोपर्यंत गिअर तोच आहे. म्हणून दुसरी कसोटी: वेग ४० वरच ठेवून तिसऱ्याऐवजी चौथा गिअर टाका. इंजिनाचे फेरे उतरतील, चाकाचे उतरणार नाहीत. आवाज खाली आला तर तो इंजिनाकडचा, तसाच राहिला तर गिअर बॉक्सच्या मागचा. उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. दाबल्यावर थांबत असेल तर गिअर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. इतक्या सोप्या प्रश्नाने मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

हूकसाहेबांचा सांधा

मघाशी शाफ्टच्या कोनाचा विषय अर्धा सोडला होता. पाटे दबले-उठले तरी शाफ्टने फिरत राहावे म्हणून त्याच्या टोकांना ‘क्रॉस’ बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला रॉबर्ट हूकचे नाव आहे. पाठ्यपुस्तकात ताण आणि प्रसरण यांचा नियम ज्याच्या नावावर आहे, तोच हा हूक. तेव्हा पाटे आणि क्रॉस हे दोन्ही एकाच गृहस्थाच्या खात्यावर! विशेष म्हणजे यंत्राच्या किंवा शरीराच्या आतल्या हालचाली आवाजावरून ओळखता येतील, अशी कल्पनाही त्याने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

या सांध्यात एक खोड आहे. तो वाकून फिरतो तेव्हा पुढचा भाग एकसारखा फिरत असला तरी मागचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दीड टक्क्याचा, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. २० अंश झाला की सहा टक्क्यांवर जातो. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस बसवून एकाची खोड दुसऱ्याने पुसली जाते, पण दोन्ही कोन सारखे असतील तरच. हुकावर वजन पडून गाडीचे शेपूट बसले की कोन बिघडतात आणि निघताना किंवा चढावर गाडीच्या तळातून ‘घुर्र घुर्र’ अशी थरथर येते. ट्रॉलीतले सामान थोडे पुढेमागे सरकवून हुकावरचा दाब बदला. थरथर कमी झाली तर क्रॉस बदलण्याआधी माल भरण्याची पद्धत बदला. मात्र सारे ओझे मागे ढकलून दांडा हलका करणेही बरे नव्हे. तशी ट्रॉली वेगात डावी-उजवी झोके घेऊ लागते.

क्रॉसच्या सुया झिजल्या की आवाज वेगळा येतो. गिअर टाकून क्लच सोडताना एकच ‘टण्ण’, आणि रिव्हर्स घेताना पुन्हा ‘टण्ण’. गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा, आणि शाफ्ट हाताने डावा-उजवा पिळून पाहा. थोडी ढिलाई दात्यांमध्ये हवीच, नाहीतर तेल शिरणार कोठे? शाफ्ट ४ अंश हलला म्हणजे चाकाच्या कडेला जेमतेम ६ मिलिमीटर. पण क्रॉसच्या एका बाजूचा कान हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही असे दिसले, तर दोषी सापडला.

नाला आणि हब

चाकाच्या हबमधले बेअरिंग बिघडले की ‘हूं’ असा, विमान दूरून जावे तसा, खर्जातला घोष येतो. बेअरिंगमध्ये १५ रोलर असले आणि बाहेरच्या कडीला एक खड्डा पडला, तर चाकाच्या एका फेऱ्यात साधारण सहा रोलर त्यावरून जातात. ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला ३१ ठोके, म्हणजे सुराच्या उंबरठ्यावरचा घोष.

तो कोणत्या बाजूचा, हे ओळखण्याची रीत सुंदर आहे. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा उजवीकडे वळताना घोष वाढला तर डावे बेअरिंग संशयित, डावीकडे वळताना वाढला तर उजवे. दहा-पंधरा किलोमीटर चालून आल्यावर चारही हबना दुरून, मग सावधपणे, हाताचा मागचा भाग न्या. एक इतरांपेक्षा फार तापलेला असेल तर तेथे घर्षण आहे. ब्रेक चिकटला तरी हब तापतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

हे बेअरिंग बिघडते कशाने? जुनेपणाने तर खरेच, पण आपल्या भागात पावसाळ्यात दुसरे एक कारण घडते, आणि ते तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. माल घेऊन आलेल्या गाडीचा हब तापून ८० अंश सेल्सिअस झाला आहे असे समजा. वाटेत नाल्याला गुडघाभर पाणी. गाडी फरशीवरून पाण्यात उतरते, हब एकदम थंड होऊन ३० अंशांवर येतो. आतली कोंडलेली हवा ३५३ केल्व्हिनवरून ३०३ केल्व्हिनवर आली. तिचा दाब सुमारे एक सप्तमांशाने कमी झाला. बाहेर पाणी, आत ओढ. सील जरा जुने असेल तर गढूळ पाणी आत शोषले जाते. त्यातली बारीक माती ग्रीसमध्ये मिसळून घासण्याची पूड बनते, आणि पाण्याने रात्रीतून गंज धरतो. पाण्याआधी दोन मिनिटे गाडी थांबवली म्हणून हब निवत नाही. उपाय एकच, ग्रीस आणि सील वेळेवर बदलणे. शिवाय पूर वाहत असताना फरशीवर गाडी घालणे हा प्रश्न बेअरिंगचा नसून जिवाचा आहे.

काळ्या मातीचा आणखी एक खेळ आहे. चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आत मातीचा गोळा चिकटून वाळतो. शंभर ग्रॅमचा गोळा आसापासून १८ सेंटिमीटरवर असेल तर ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे ४३ न्यूटन बलाने चाकाला बाहेर ओढतो, आणि ८० ला सुमारे ७६ न्यूटन बलाने. ही ओढ चाकाबरोबर गरागरा फिरते, आणि स्टिअरिंग थडथड उडते. गॅरेजचा खर्च करण्याआधी काठीने रिम खरवडून पाहावी.

एका आवाजाचा तपास

आता एक कोडे घेऊ. समजा, एक पिकअप स्लॅबचे मिक्सर ओढत मालेगावहून मेडशीकडे, आणि पुढे पातूरच्या घाटाने अकोल्याकडे जाणार आहे. ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे ‘गूंऽऽ’ असा आवाज येतो. परतीच्या वाटेवर घाट चढताना तो फार वाढतो. मिक्सर सोडले की जवळजवळ नाहीसा होतो. चालकाला तिघांनी तीन सल्ले दिले आहेत: टायर बदल, बेअरिंग बदल, हाउसिंग उघड. तिन्ही कामांना पैसे मोजावे लागतील, आणि गाडी उभी राहिली की तेवढ्या दिवसांची भाडी बुडतील.

वेग वाढवून पाहिला. सूर सा-ग-प चढतो. म्हणजे पत्र्याचा अनुनाद नव्हे. त्याच वेगाला गिअर बदलला. सूर तोच, म्हणजे इंजिन सुटले. वळणांवर फरक पडत नाही. बेअरिंगवरचा संशय कमी झाला. समृद्धी महामार्गाचा काँक्रीट रस्ता जवळ आहे, शेलू बाजारकडून त्यावर जाता येते. काँक्रीटवर आडव्या खाचा असतात. त्या दोन सेंटिमीटर अंतरावर असल्या तर ताशी ८० किलोमीटरला टायर सेकंदाला ११०० खाचांवरून जाईल आणि स्वतःचा एक वेगळाच सूर धरील. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हा ‘गूं’ डांबरावर आणि काँक्रीटवर सारखाच आहे. टायरही सुटला.

आता शेवटचा प्रश्न. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, गाडी गिअरमध्येच ठेवून, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला. ‘गूं’ एकदम खाली बसला. वेग तर बदलला नाही! टायरला आणि हबच्या बेअरिंगला इंजिन जोर लावते की नाही याचे फारसे देणेघेणे नसते. ज्याला असते, त्या दात्यांकडे बोट वळले. जोर आहे तेव्हा पिनियनच्या दाताची एक बाजू क्राउनला रेटते, पाय उचलला की दुसरी बाजू. एका बाजूला घासण्याचा सूर निघतो, दुसऱ्या बाजूला निघत नाही. हाउसिंग!

पण चढावरच का इतका? जोर सहापट होतो हे तर आहेच. आणखीही एक कारण आहे. हाउसिंगमध्ये तेल तळाशी असते आणि फिरणारा क्राउन ते उडवून पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. पिनियन असते पुढच्या बाजूला. चढावर गाडीचे तोंड वर जाते, ट्रॉलीच्या दाबाने शेपूट आणखी बसते, आणि तेल मागे सरकते. तेल पुरेसे असेल तर काही बिघडत नाही. सील गळून पातळी उतरली असेल तर नेमक्या सर्वांत कष्टाच्या वेळी पिनियनला वंगण कमी पडते. या टप्प्यावर तेल काढून, पांढऱ्या फडक्यावर ओतून, लोहचुंबक फिरवावा. बारीक करडी पूड थोडीफार निघणारच. चमकत्या कपच्या निघाल्या तर मात्र नवे तेल ओतून गाडी पुढे नेण्यात अर्थ नाही. पिनियनचे बेअरिंग अडकले तर मागची दोन्ही चाके एकदम बसतात, आणि उतारावर मागून ट्रॉली रेटत असताना असे होणे किती वाईट, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

वरची पाय उचलण्याची परीक्षा करताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची नाही, घाटात तर मुळीच नाही. उतारावर इंजिन हाच मोठा ब्रेक असतो.

वर्गात काय करता येईल?

सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या आऱ्यांना पोस्टकार्डाचा तुकडा लागेल असा बांधा, पेडल एकसारखे फिरवा. ३६ आरे असतील आणि चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर सूर सेकंदाला ७२ कंपनांचा. फेरे तीन केले की पंचम, चार केले की वरचा षड्ज. वर्गातल्या हार्मोनियम वाजवणाऱ्या मुलाला सूर ओळखायला लावा आणि बाकीच्यांनी त्यावरून चाकाचा वेग काढावा. एक आरा काढल्यासारखा परिणाम हवा असेल तर दोन शेजारच्या आऱ्यांना दोरीने एकत्र बांधा. सुराच्या आत दर फेऱ्याला एक ठोका ऐकू येईल. दात तुटलेले दंतचक्र असेच बोलते.

घरात मोबाइल फोन असेल तर त्यावर आवाजाचे पृथक्करण करून कंप्रतांचा आलेख दाखवणारे प्रोग्रॅम मिळतात. गुंतागुंतीचे कंपन साध्या कंपनांच्या बेरजेत फोडता येते हे गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ सालच्या ग्रंथातले. गाडीच्या आलेखात एक उंच शिखर २१२ वर दिसले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २१ कंपनांच्या अंतरावर लहान शिखरे दिसली, तर ती कोणाची सही आहे, हे वर दिलेल्या आकड्यांवरून तुम्हीच शोधा. फोन सीटवर पक्का ठेवायचा आणि चालकाच्या शेजारी बसलेल्याने पाहायचा.

कोड्यातले एक टोक अजून बाकी आहे. मिक्सर सोडल्यावर आवाज गेला, म्हणजे दोष मिक्सरच्या चाकातच असेल, असे कोणी म्हणेल. गाडीबाबत आपण ते खोडून काढले. पण उलट बाजूही तपासायला हवी, कारण ट्रॉलीच्या हबकडे कोणी वर्षानुवर्षे पाहत नाही. मिक्सर सपाटीवर ठेवा, एका चाकाला दगड लावा, दुसऱ्या बाजूला भक्कम ठोकळा देऊन ते चाक जॅकने उचला आणि हाताने फिरवा. कानाला ‘खर्र’ ऐकू आले, किंवा चाक वरखाली धरून हलवताना डुगडुगले, तर या यंत्राचेही बेअरिंग काढावे लागेल. मग चाक बदलून दुसरी बाजू.